तुम्ही विचारलंत म्हणून: जुना प्रोसेसर किती ताणावा?

तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्ती करतो, म्हणून हा प्रश्न मला नेहमी येतो, बहुतेक कॉलेजच्या पोरांकडून. नागपूरहून स्वस्तात जुना डेस्कटॉप आणलेला असतो, आत इंटेलचा कोअर टू क्वाड क्यू ६६००. हाच प्रोसेसर कुणीतरी ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या २.४ पेक्षा जास्त वेगानं पळवून, ३.६ गिगाहर्ट्झवर चालवलेला त्यांनी व्हिडिओत पाहिलेला असतो. "दादा, आमचा ३.२ वर चालते, ३.४ केला की बंद पडते. प्रोसेसर खराब आहे काय?"

बहुतेक वेळा नाही. आपल्या भागात प्रोसेसरची स्वतःची मर्यादा यायच्या आधी खोलीची, एसएमपीएसची (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याची) किंवा मदरबोर्डाची मर्यादा येते. आडवं काय येतंय ते न शोधता व्होल्टेज वाढवत गेलात, तर चांगला प्रोसेसर हातानं माराल.

क्यू ६६०० जानेवारी २००७ चा. २६६ मेगाहर्ट्झचा मूळ ठोका गुणिले ९ चा गुणक, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ. ९ च्या वरचा गुणक बंद आहे, त्यामुळे वेग वाढवायचा तर २६६ हा आकडाच वाढवावा लागतो, आणि त्याच्यासोबत रॅमही पळायला लागते. ८०० ची डीडीआर-टू रॅम मूळ गुणोत्तरावर ठेवून ३.४ गिगाहर्ट्झसाठी २६६ चे ३७८ केले, तर तिला ११३४ वर धावायला सांगितल्यासारखं होतं. ती उठतच नाही, आणि दोष जातो प्रोसेसरवर. म्हणून आधी बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) रॅमचं गुणोत्तर १:१ करा. पीसीआय-एक्सप्रेस, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची लाइन, १०० मेगाहर्ट्झवर बांधून ठेवा. मग २६६ पासून पाचपाचनं चढा.

आता उष्णता. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. १.२५ व्होल्टवरून १.४० वर गेलात आणि वेग २.४ चा ३.४ केलात, तर वेग ४२ टक्के वाढला, वीज मात्र पावणेदोनपट. ९५ वॅटचा प्रोसेसर १६५ च्या पुढं गेला. ती उष्णता काढायची कुठं? खोलीतल्या हवेत. जानेवारीत खोली २० अंशांवर असताना लोडवर, म्हणजे प्रोसेसर पूर्ण कामाला लावल्यावर, ६२ दिसत असतील, तर मे महिन्यात टिनाखालच्या ४२ अंशांच्या खोलीत ८४ दिसणार. गरम प्रोसेसरला त्याच वेगासाठी व्होल्टेजही जास्त लागतं. म्हणून मी हिवाळ्यात जमलेल्या वेगावर विश्वास ठेवत नाही. नवतपात, दुपारी तीन वाजता, प्राइम ९५ (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारं सॉफ्टवेअर) तासभर चाललं तर तो वेग खरा. कूलर लावून खोली जरूर थंड करा, पण कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवू नका. आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार बोर्डावर बसतात. आणि जिनिंगजवळ राहत असाल तर हीटसिंकच्या पात्यांत रुई गच्च भरलेली असते. ती काढून, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली वाळलेली पेस्ट बदलली तरी तापमान बरंच उतरतं. ओव्हरक्लॉकच्या आधी हे करायचं.

लाइनचा भाग लोक विसरतात. रब्बीत ओलिताचे पंप सुरू झाले की डीपीवरचं (ट्रान्सफॉर्मरवरचं) व्होल्टेज पडतं. एसएमपीएसला तेवढीच वीज द्यायची असल्यानं तो जास्त करंट ओढतो आणि आतून तापतो. स्वस्त एसएमपीएसवर ठळक ४५० वॅट लिहिलेलं असतं. ते सोडा, १२ व्होल्टपुढे किती अँपिअर आहेत ते वाचा. १२ अँपिअर असतील तर १४४ वॅट झाले. वरचा प्रोसेसर एकटाच त्यापेक्षा जास्त मागतो.

आता 'बंद पडते' म्हणजे नेमकं काय होतं, ते पाहा. निळी स्क्रीन न येता मशीन एकदम बंद झालं, तर आधी एसएमपीएस आणि प्रोसेसरभोवतीचा बोर्डाचा पॉवर सेक्शन तपासा. जी ३१ चिपसेटच्या स्वस्त बोर्डांवर त्या भागाला बहुधा हीटसिंकच नसतं, आणि कॅपॅसिटर फुगलेले असतील तर ओव्हरक्लॉकचा विषय तिथंच सोडा. तापमान ठीक असून लोडवर निळी स्क्रीन येत असेल, तर व्होल्टेज कमी पडतंय. बायोसमध्ये १.३० ठेवलं तरी लोडवर १.२४ मिळत असेल, तेव्हा सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये लोड चालू असतानाचा आकडा पाहा. सुरूच होत नसेल, तर रॅम.

गावात वापरायच्या मशीनवर मी ३३३ गुणिले ९ ठेवून देतो: ३ गिगाहर्ट्झ, शक्यतो मूळ व्होल्टेजवर. वीज पाव हिस्साच वाढते. प्रोसेसरच्या झाकणावर एसएलएसीआर (SLACR) असा कोड असेल तर तो नंतरचा जी० प्रकार, आणखी थोडा चढतो. त्या पलीकडं जायचं असेल तर माझ्याकडे येताना लोडवरचं तापमान, लोडवरचं व्होल्टेज आणि एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो आणा. खोलीवर टिन आहे की स्लॅब, तेही सांगा.