तिथीवर चालणं

फाल्गुन लागला की माझं चालणं दोन वेळचं होतं. एरवी डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून चालते, म्हणजे कपाळाला आठ्या घालून आणि मनगटावरच्या घड्याळात स्टेप्स बघत, पण होळीच्या आसपासपासून ते चैत्र संपेपर्यंत रत्नागिरीत घरात बसवत नाही. बाहेरच्यांना हे पटत नाही. त्यांच्या लेखी कोकणात बघण्यासारखं दोनदाच, एक पावसात आणि एक मे महिन्यात आंब्याला, मधलं सगळं नुसता उकाडा. आहे ना उकाडा, कोण नाही म्हणतंय, पण तो साधारण नऊ ते चार ड्युटीवर असतो. त्याच्या आधी आणि नंतर जे काही असतं ते आम्ही फारसं कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं की गाड्या भरून माणसं येतात.

सकाळचं चालणं थिबा पॅलेसच्या बाजूला. शाळेत भूगोलाला खारे वारे आणि मतलई वारे होते, आठवत असेल सगळ्यांना, आकृती काढायला लागायची आणि बाण हमखास उलटे पडायचे. इथे ती आकृती नाकाने समजते. रात्री जमीन पटकन गार होते, समुद्र आपला कोमटच राहतो, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे सुटलेला असतो आणि तो येताना अख्ख्या पंचक्रोशीत काय चाललंय त्याचा रिपोर्ट घेऊन येतो. उशिरा आलेला आंब्याचा मोहोर, सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, करवंदीची फुलं, झाडाखाली पडून आंबायला लागलेली काजूची बोंडं, आणि मधेच कुठूनतरी भाजावळीचा धूर, म्हणजे कोणीतरी आत्तापासून तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जमिनीची तयारी करतंय, पावसाला अजून तीन महिने आहेत तरी. पूर्वी शिडाच्या होड्या याच वाऱ्यावर पहाटे बाहेर पडायच्या आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायच्या, येण्याजाण्याचं इंधन फुकट. नऊ-साडेनऊला हा वारा पडतो आणि मग समुद्राकडचा सुरू होईपर्यंत झाडाचं पान हलत नाही. त्या मधल्या वेळात चालायला जाणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे पण त्यांच्यासोबत जायचं नाही.

कोकीळ गातो वगैरे ठीक आहे, पण आमच्या मागच्या फणसावरचा पहाटे चारला सुरू होतो आणि वरची पट्टी गाठूनही थांबत नाही, त्यापेक्षा मला तांबट आवडतो. दिसत नाही कधी, नुसतं टुक टुक टुक टुक, एका लयीत, आपल्या कामात.

थिबा पॉइंटवरून खाली बघितलं की काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल, पलीकडे सुरूचं बन आणि मग समुद्र. ब्रह्मदेशचा राजा थिबा, त्याला इंग्रजांनी 1885 मध्ये मंडालेहून उचललं, 1886 मध्ये इथे आणलं, हा राजवाडा तयार व्हायला 1910 उजाडलं आणि 1916 मध्ये तो इथेच गेला, परत काही जाता आलं नाही. म्हणजे तीस वसंत त्याने रत्नागिरीत काढले. आम्ही मात्र 'पॅलेसवर जाऊन येते' असं दळण आणायला जावं तसं सांगून निघतो, राजा कोणाच्या डोक्यात नसतो. मला कधीकधी वाटतं, एवढ्या वर्षांत त्याने हापूस तर खाल्लाच असेल, पण ओल्या काजूगरांची उसळ त्याला कोणी करून घातली असेल का?

कारण ती आत्ताच्याच दिवसात. बाजारात कोपऱ्यावर एक मावशी बसतात, समोर केळीच्या पानावर काजूगरांचे ढीग, बाजूला सुरंगीचे गजरे. काजूगर शेकड्यावर मिळतात आणि भाव ऐकून दरवर्षी सगळे दचकतात, घेतात मात्र. मी त्यांचे हात बघितलेत. हिरवी बी सुरीने मधोमध उभी चिरायची, आतला गर अखंड निघाला पाहिजे, आणि टरफलात जे तेल असतं ते कातडीला लागलं की भाजल्यासारखं होतं, डाग काळा पडतो, मग कातडी सोलून निघते. मावशी हाताला राख चोळून बसतात तरी बोटांची टोकं काळीच. "वैनी, आज पहाटे काढलेत, गरम पाण्यात टाका, साल आपसूक सुटंल." हे त्या दरवेळी सांगतात आणि मी दरवेळी नवीन असल्यासारखं ऐकते. एकदा त्या बोटांकडे बघितलं की भावावरून घासाघीस करायला तोंड उघडत नाही.

सुरंगीचा गजरा मी घेते तो केसात माळायला नाही, स्कूटीच्या डिकीत टाकायला. लहानशी पिवळट फुलं, फांदीलाच लगडून येतात, कळ्या उमलायच्या आत काढायला लागतात नाहीतर मधमाश्या आधी पोचतात. डिकी दोन दिवस इतकी सुंदर वास मारते की पेट्रोल भरायला सीट उघडली तरी छान वाटतं.

वाटेत आंब्याच्या बागा, शहरातही आहेत अजून. सीझनपुरते नेपाळी राखणदार ठेवलेले असतात, वानरं आली की पत्र्याचा डबा बडवतात. एक राखणदार रोज सकाळी मला हात करतो, त्याची मुलगी तिकडे गावी दहावीला आहे, मराठी बऱ्यापैकी बोलतो आता. रात्री वाऱ्याने पडलेल्या कैऱ्यांतल्या दोन मला देतो. मालकाला चालतं का हे मी विचारलेलं नाही.

संध्याकाळचं चालणं मात्र माझ्या हातात नाही, ते कॅलेंडरवर असतं. आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीला तीनने गुणायचं आणि चाराने भागायचं, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. म्हणजे त्यानंतर सहा तासांनी, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. मिनिटाच्या काट्यावर नाही बसत, पण आज चप्पल हातात घ्यायची की पायात ठेवायची एवढं ठरवायला पुरतं. मुलगा म्हणतो आई त्याचं ॲप आहे. असेल. मला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.

होळीच्या पौर्णिमेची सुकती तर विचारू नका. या दिवसांत समुद्र एरवीपेक्षा जास्त आत जातो, भाट्याला वाळूचा पट्टा एवढा रुंद होतो की पाणी लांब राहतं. वाळू ओली, घट्ट, चालायला एकदम झकास, पाय रुतत नाहीत. आणि खाली बघून चालायला लागतं कारण सगळीकडे गोळ्या. मुगाएवढ्या, काही त्याहून बारीक. नखाएवढा खेकडा बिळातून बाहेर येतो, तोंडाशी वाळू नेतो, तिच्यातलं खाण्यासारखं काय ते काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. मग थोडा पुढे, पुन्हा गोळी. बिळाच्या तोंडापासून सगळ्या बाजूंना गोळ्यांच्या रेघा निघतात, आणि आपलं पाऊल जवळ आलं की सगळे एकदम आत, मिनिटभर हललं नाही की परत बाहेर. मी एकदा उकिडवी बसून बघत राहिले तर कोणीतरी येऊन विचारलं, "काय पडलं काय हो तुमचं?" किल्ली पडली असेल असं समजून दोघं-तिघं शोधायलाही लागले, त्यांना खेकडे दाखवले तर एक जण म्हणाला, "हे रोजचंच आहे," आणि तोही बसला.

मांडवीला गेलं तर वाळू काळी, म्हणून काळा समुद्र, आणि मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र, एकाच गावात दोन रंग. मांडवीच्या वाळूत लोहाची खनिजं आहेत, पोरं जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणून वाळूत फिरवतात आणि त्याला काळ्या दाढ्या फुटतात. सूर्य पावणेसातच्या सुमाराला बुडतो, त्याचे फोटो काढणारे खूप, मी नाही काढत, माझ्या फोनमध्ये सगळे सारखेच येतात.

शिमग्याच्या दिवसात या सगळ्या वेळापत्रकाला काही अर्थ नसतो. श्री देव भैरी म्हणजे बारा वाड्यांचं ग्रामदैवत, त्याची पालखी बाहेर पडली की रस्ता तिचा. ढोलाचा आवाज आला की समजायचं आज वॉक इथपर्यंतच. ट्रॅफिक थांबलेलं, मुंबईहून खास रजा टाकून आलेली माणसं पालखीखाली खांदा द्यायला धडपडतायत, गणपतीला एकवेळ येणार नाहीत पण शिमग्याला येणार. ओळखीचे चार जण भेटतात, तिथेच उभ्याने तासभर गप्पा, आणि घड्याळ मधेच हातावर थरथरून सांगतं, उठा, जरा चाला.

अष्टमीला हिशोब उलटा. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. संध्याकाळी सहाला पूर्ण भरती, वाळू बरीचशी पाण्याखाली. त्या दिवशी मांडवीच्या जेट्टीवर बसायचं, खारा वारा तोंडावर घ्यायचा आणि भेळ खायची. या दिवसांत भेळेत कैरी असते, पण ती मागायला लागते. आणि कांदा कमी सांगायचा, नाहीतर कैरी कळत नाही.