जीपच्या स्टीअरिंगचा दांडा

बाबांच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवायचं काम मे महिन्यात नागपूरजवळच्या वाडीच्या एका गॅरेजमध्ये काढलं. आरटीओची परवानगी आधीच घेतली होती. इंजिन चेन-पुलीनं उतरलं, गिअरबॉक्सला जुळलं. स्टीअरिंग बसवलं आणि काम अडलं. स्टीअरिंगचा दांडा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा गरम धूर बाहेर नेणारा नळ, यांच्यात जेमतेम ९ मिलिमीटर.

“कुठं लागून रायलं भाऊ? चालते ना,” मिस्त्री म्हणाले. उभ्या गाडीत लागत नव्हतंच. पण इंजिन रबरी फाउंडेशनवर असतं, जोर आला की एका अंगाला कलतं. मुलीची खेळायची माती आणली. तापलेल्या मॅनिफोल्डवर ती वितळली असती, म्हणून दांड्यालाच थापली. हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडला, मग रिव्हर्समध्येही. मातीत मॅनिफोल्डच्या कडेचा ठसा उमटला होता, त्याखाली उरली होती फक्त २ मिलिमीटर माती. खड्ड्यात एवढंही उरलं नसतं. स्टीअरिंग ऐन वळणावर अडकणं मला मान्य नव्हतं.

मॅनिफोल्ड ग्राइंडरनं घासायला मी नकार दिला. तो बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा; बीड घासून पातळ केलं की तडकतं. या जीपचा मूळ दांडा हातातल्या चाकापासून खालच्या स्टीअरिंग बॉक्सपर्यंत एकच, सरळ. तो वळवायला जागाच नाही. म्हणून नंतरच्या जीपचा, उभे आटे (स्प्लाइन) पाडलेल्या शाफ्टचा बॉक्स लावला आणि मधे दोन यू-जॉइंट, म्हणजे कोनात फिरू देणारे सांधे, टाकले. वरच्या दांड्याच्या खालच्या टोकाला बेअरिंग दिलं, नाहीतर तो डुलतो. वेल्डिंग कुठंच नाही.

पहिल्यांदा चाक फिरवलं तेव्हा एका फेरीत दोनदा जड, दोनदा हलकं लागत होतं. दोन्ही जॉइंटचे काटे, म्हणजे सांध्याची दुबेळकी टोकं, एका रेषेत नव्हते. यू-जॉइंट कोनात फिरताना वेग एकसारखा देत नाही. ३० अंशांच्या कोनात पुढचा दांडा कधी सुमारे १५ टक्के जास्त वेगानं पळतो, कधी १३ टक्के मागे पडतो. दोन्ही कोन सारखे ठेवून काटे जुळवले तर दुसरा जॉइंट पहिल्याची चूक खोडतो. जॉइंट शाफ्टवर दोन आटे सरकवून बसवला आणि चाक लोण्यासारखं फिरलं.

आता थांबलेल्या इंजिनाला २५ मिलिमीटर गॅप आहे. मातीची परीक्षा पुन्हा घेतली, ठसा नाही. मधे पत्र्याचा आडोसा लावला, कारण नागपूरच्या उन्हात मॅनिफोल्डच्या धगीनं जॉइंटचं ग्रीस लवकर पातळ होतं. सेमिनरी हिल्सच्या वळणांवर बाबांनी स्वतः चालवून पाहिली.

बोल्ट आणि जॉइंटवरून पिवळ्या रंगाची एकच रेघ ओढली आहे. दर रविवारी बॉनेट उघडून ती अखंड आहे का ते पाहतो; तुटली असेल तर बोल्ट ढिला झाला.