ब्लोअरमधले दोन आवाज

मोटारींच्या एसीचे आणि विजेचे काम मी करतो. आवाजाची तक्रार घेऊन गाडी आली की पान्याला हात लावण्याआधी गाडीत बसून नीट ऐकायचे, हा माझा नेम आहे. तो किती उपयोगी पडतो हे एका परिचारिका बाईंच्या गाडीने मला फार स्पष्टपणे दाखवले.

रात्रपाळी करून सकाळी परतताना त्यांना हीटर लागे आणि दुपारी एसी. दोन्ही वेळा डॅशबोर्डच्या आतून घरघर येत असे, आणि पंखा तिसऱ्या पायरीवर नेला की पायाखालची जमीनसुद्धा थरथरत असे. बाई आधी एका ठिकाणी जाऊन आल्या होत्या आणि तिथे त्यांना कम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप, गेल्याचे सांगून तो संपूर्ण बदलण्याचा सल्ला मिळाला होता. एवढा खर्च करण्यापूर्वी दुसऱ्या कुणीतरी एकदा पाहावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

मी इंजिन बंदच ठेवले, चावी फक्त 'ऑन'पर्यंत फिरवली, एसीचे बटण बंद ठेवून पंखा एकेक पायरी वाढवत गेलो आणि घरघर जशीच्या तशी ऐकू आली. त्यांच्या गाडीतला कम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा होता. इंजिन थांबलेले असताना तो फिरूच शकत नाही, त्यामुळे त्याचा या आवाजाशी संबंध नव्हता. इंजिनचा वेग वाढवल्यावर बदलणारा आवाज पट्टा, आयडलर (पट्ट्याला आधार देणारी चकती) किंवा कम्प्रेसरकडे बोट दाखवतो, आणि पंख्याच्या पायरीबरोबर बदलणारा आवाज ब्लोअरकडे, म्हणजे गाडीत हवा ढकलणाऱ्या मोटर-पंख्याकडे. हीटर आणि एसी या दोघांची हवा एकच ब्लोअर ढकलतो, म्हणून दोन्ही वेळा तक्रार सारखीच होती. ही तपासणी करायला कोणतेही उपकरण लागत नाही, आणि तरीही ती न करता कम्प्रेसरवर ठपका ठेवला जातो याचे मला मनापासून वाईट वाटते.

ब्लोअरच्या आवाजांतही फरक असतो. सुकलेल्या पानाचा देठ पात्यांना लागत असेल तर गतीबरोबर वाढणारी टकटक येते, बुश, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्याला (शाफ्टला) आधार देणारे कडे, कोरडा पडला असेल तर चिरका आवाज येतो, आणि घरघरीबरोबर थरथर असेल तर पंख्याचा तोल गेलेला असतो. हवेची दिशा बदलताना काही क्षण येणारी कटकट मात्र पंख्याची नसून आतल्या झडपा फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या प्लास्टिक दात्यांची असते.

या गाडीत ब्लोअर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे होता आणि त्याच्या वरच्या बाजूला एअरबॅग होती. म्हणून बॅटरीची ऋण तार काढून मी काही मिनिटे थांबलो, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत तार काढल्यानंतरही थोडा वेळ वीज साठलेली राहते. मग ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडला आणि प्रथम आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर बाहेर ओढला. त्याच्या मधोमध मूठ जाईल एवढे भोक कुरतडलेले होते, घड्यांत उंदराच्या लेंड्या होत्या आणि उग्र दर्प येत होता.

अशा वेळी हवेच्या दाबाने सगळे उडवून लावणे सर्वांत सोपे असते आणि सर्वांत धोक्याचेही. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखे आणि विष्ठेतूनही इतर आजार पसरू शकतात, आणि वाळलेल्या घाणीची धूळ श्वासावाटे आत जाते. हातमोजे आणि मास्क घालून, दारे उघडी ठेवून मी सर्व भाग जंतुनाशकाने ओला केला, थोडा वेळ मुरू दिला आणि मगच कागदाने टिपून काढला. बाईंचा पेशा लक्षात घेता त्यांना याचे कारण समजावण्याची गरज पडली नाही. उलट वापरलेले कागद वेगळ्या पिशवीत बांधण्याची सूचना त्यांनीच केली.

तीन स्क्रू, एक कपलर (विजेच्या तारांचा जोड) आणि मोटरला थंड ठेवणारी रबरी नळी काढल्यावर ब्लोअर हातात आला. पिंजऱ्यासारख्या त्या गोल पंख्याच्या एकाच बाजूच्या सलग पाच-सहा पात्यांमध्ये डॅशबोर्डखालच्या आवरणाचा कापूस, फिल्टरचे तंतू आणि ओलसर धूळ यांचा घट्ट लगदा बसला होता. समोरची पाती जवळजवळ स्वच्छ होती. वजन थोडेच होते, पण तोल गेल्यामुळे बसणारा हिसका गतीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे गती दुप्पट झाली की तो चौपट होतो. पहिल्या पायरीवर जेमतेम जाणवणारी थरथर वरच्या पायऱ्यांवर पायांपर्यंत पोहोचत होती ती यामुळेच. पंखा शाफ्टवर कोणत्या कोनात बसला आहे याची खूण करून मी तो उतरवला, साबणाच्या पाण्याने धुतला आणि पात्यावरची धातूची बारीक क्लिप जागची हलू दिली नाही, कारण कारखान्यात तोल साधण्यासाठीच ती बसवलेली असते.

पुन्हा जोडून टेबलावर बॅटरीवर चालवला तेव्हा घरघर पूर्ण गेली होती. बाई आनंदल्या आणि गाडी न्यायला निघाल्या. पण शाफ्ट बोटांनी आडवा हलवल्यावर त्यात खेळ जाणवत होता, म्हणून ब्लोअर परत बसवून मी गाडी रात्रभर ठेवून घेण्याची विनंती केली. सकाळी गारठ्यात पंखा लावला आणि पहिल्या पायरीवर बारीक, चिरका आवाज आला. मोटर थोडी तापल्यावर तो थांबला. घरघरीखाली इतके दिवस झाकला गेलेला हा दुसरा आवाज होता. तेल शोषून घेतलेल्या सच्छिद्र धातूचा बुश तोल गेलेल्या पंख्याच्या हिसक्यांनी एका बाजूने झिजला होता. थंडीत तेल घट्ट होते, आणि झिजलेल्या बुशातून शाफ्टला ते पुरेसे मिळत नाही.

येथे तेलाचा फवारा मारून गाडी देता आली असती. फवाऱ्याचे पातळ तेल फार टिकत नाही आणि मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या कार्बन ब्रशपर्यंत पोहोचले तर तिथल्या काळ्या भुकटीचा चिखल होतो. म्हणून मी नवी मोटर पंख्यासह मागवली आणि ती कोणत्या दिशेने फिरते हे बसवण्यापूर्वी पाहिले. उलट्या दिशेने फिरणारा असा पंखासुद्धा हवा पुढेच फेकतो, फक्त ती फार कमी असते, आणि मग विनाकारण एसीच्या गॅसवर संशय घेतला जातो.

तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावल्यावर जुनी मोटर त्याच पायरीवर नवीपेक्षा बरीच जास्त वीज खेचत असल्याचे दिसले. जड फिरणाऱ्या मोटरचा ताण कपलरवर आला होता. त्यातल्या एका पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडले होते, म्हणून कपलरही बदलला. पंख्याची गती कमी-जास्त करणाऱ्या, हवेच्या मार्गात बसवलेल्या रेझिस्टरच्या तापणाऱ्या तारांवरही कापूस चिकटला होता आणि तो पेटू शकला असता. मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती याची, आवाजाची नव्हे.

उंदराची वाट पुढच्या काचेखाली सापडली. वायपर काढून प्लास्टिकची जाळी उचलली तेव्हा तिचा एक कोपरा तुटलेला दिसला. तिथे धातूची बारीक जाळी घट्ट बसवली, पाण्याचे निचरे मोकळे केले आणि नवा फिल्टर हवेच्या दिशेचा बाण पाहून आत सरकवला. शेवटी एसीचे दाब मोजले; ते ठीक होते आणि कम्प्रेसरला काहीही करावे लागले नाही.

गाडी देताना ग्लोव्ह बॉक्स सोडून फिल्टर कसा पाहायचा हे मी बाईंना दाखवले, आणि त्यांनी तो माझ्यासमोर स्वतः काढून, बाण पाहून परत बसवला.