आधी सांगा, कुठे सापडलं?

संग्रहालयातल्या आमच्या विभागात लोक दगड घेऊन येतात आणि विचारतात, "हा जीवाश्म आहे का?" बहुतेकांना नाही म्हणावं लागतं. डायनासोरचं अंडं म्हणून आणलेला दगड म्हणजे गाळात खनिजं साचून बनलेला गोटा निघतो. फुटलेल्या कडेला कवचाचा वेगळा, पातळ थर दिसतच नाही. दगडावर उमटलेलं सुरेख नेचं बहुधा मँगनीजच्या ऑक्साइडचं असतं. त्याला फांद्या फुटतात, पण पानाची शीर मात्र शोधून सापडत नाही. हे सगळं मी प्रत्येकाला भिंगातून दाखवते. नुसतं ‘नाही’ ऐकून गेलेला माणूस पुन्हा येत नाही, आणि उद्या खरं हाड त्याच्याच हाती लागायचं.

त्या दिवशी आधी एक गृहस्थ आले. त्यांच्याकडे तळहाताएवढा अमोनाइट होता, म्हणजे एका प्राचीन समुद्री प्राण्याचा कप्पे असलेला, गुंडाळलेला शंख. घासून चकचकीत केलेला, कप्प्यांच्या नागमोडी रेषा उठून दिसत होत्या. अस्सल, शंकाच नाही. कुठला, ते मात्र त्यांना माहीत नव्हतं. वडिलांना कुणीतरी दिला होता. अमोनाइट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले, पण त्याआधी कोट्यवधी वर्षं जगभरच्या समुद्रांत होते. अंगाला चिकटलेला मूळ खडक असता तर काही धागा मिळाला असता. तोही घासण्यात गेला. इतका देखणा नमुना, आणि अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी! मला फार वाईट वाटलं.

दुपारी जेसीबी चालवणारा एक तरुण आला. टॉवेलात गुंडाळलेला तपकिरी तुकडा, शेजारच्या खडकाचा एक ढेकळाएवढा नमुना आणि मोबाइलमध्ये फोटो. फोटोत टेकडीचा कापलेला उभा भाग होता. मापासाठी त्यानं पाना ठेवला होता.

"मॅडम, बाकीचं तिथंच आहे. हात नाही लावला."

हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले आहे.

तुकड्याची तुटलेली कड भिंगाखाली धरली. बाहेरून घट्ट, पातळ कवच आणि आत स्पंजासारखी जाळी, पोकळ्यांच्या मधे नाजूक भिंती. लाव्हाच्या दगडातही छिद्रं असतात, पण ती बुडबुड्यांची, सुटी सुटी, आणि असं घट्ट कवच तिथं नसतं. ओलं बोट टेकवलं तर किंचित चिकटलं. छिद्रं खनिजांनी पूर्ण भरलेली असतील तर चिकटत नाही, म्हणून या खुणेवर एकटीवर मी विसंबत नाही. पण इथं जाळी स्पष्ट होती. हाडच.

कामावरचे लोक त्याला म्हणाले होते, इथं कुठलं काय असणार? असं जाणकारही म्हणतात. इंग्लंडमधल्या चार्नवुड जंगलात 1956 साली टीना नेगस या शाळकरी मुलीला खडकावर पानासारखा ठसा दिसला. इतक्या जुन्या खडकात जीवाश्म नसतातच, असं शिक्षिकेनं तिला सांगितलं. पुढच्याच वर्षी रॉजर मेसन या विद्यार्थ्याला तो दिसला, त्यानं तज्ज्ञांपर्यंत नेला आणि 1958 मध्ये ‘चार्निया’ हे नाव मिळालं. ते खडक सुमारे 56 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

कंत्राटदारानं तेवढी जागा सोडून काम चालू ठेवलं. जागामालकाची परवानगी घेऊन आम्ही गेलो. हाडावर ओला कागद, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. सुकल्यावर खालच्या खडकासकट उचललं. प्रयोगशाळेत सुईनं साफ करताना मणका दिसू लागला. मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या शेपटीचा, याहून पुढे मी अजून बोलत नाही. थर नेमका ठाऊक असल्यामुळे त्याच पातळीवर टेकडीच्या दुसऱ्या बाजूला शोध सुरू केला आहे. सुट्टीच्या दिवशी तो तरुणही येतो.