मध्यम किमतीची रेड वाइन आणि आपल्याकडचा उन्हाळा

नऊशे रुपयांच्या आसपासची रेड वाइन पैसे वसूल करून देते की नाही, हे ठरवताना आम्हा वरूड-मोर्शीकडच्या माणसांनी द्राक्षाच्या वाणाआधी ती बाटली दुकानात कशी ठेवली होती ते पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि तालुक्याच्या दुकानात बाटल्या दर्शनी फळीवर उभ्याच असतात. अशा उष्णतेत ताज्या फळाची चव जाऊन शिजवलेल्या मुरंब्याची चव उरते, कधी बूचही वर सरकलेले दिसते. मग लेबल कितीही नामांकित असले तरी ते पैसे वाया गेलेच.

या हिवाळ्यात मी नाशिकची शिराझ, म्हणजे त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाइन, घेतली. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला थंड देशांतला आहे. आपल्याकडे बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून साधारण १६ ते १८ अंशांवर आणावी लागते, नाहीतर अल्कोहोलच नाकात शिरते. पेला पांढऱ्या कागदासमोर तिरपा धरला तेव्हा कडेला जांभळी झाक होती, म्हणजे वाइन कोवळी आणि धडधाकट होती. वासाला काळी मिरी, मागून पिकलेले जांभूळ. नाशिककडे ही द्राक्षे जानेवारी ते मार्चच्या दरम्यान खुडतात आणि थंड रात्रींमुळे त्यांतली आंबटाई टिकते. ती या घोटात नीट जाणवली. साली आणि बियांतून उतरणारा तुरटपणा मात्र सुरुवातीला हिरड्यांवर कच्च्या सुपारीसारखा बसला आणि पेल्यात थोडा वेळ हवा लागल्यावरच मऊ झाला.

सावजी रश्श्याबरोबर ती घेऊ नये, हे आग्रहाने सांगतो. तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात, आणि वाइनची चव तर लागतच नाही. बेताच्या तिखटाच्या सुक्या मटणाबरोबर तीच वाइन खुलली, कारण चरबीने तिचा तुरटपणा आवरला.

घोट उतरल्यावर चव फार रेंगाळत नाही, म्हणून बाराशे रुपयांना मी ही वाइन घेतली नसती. नऊशेला ती रास्त आहे, मात्र डिसेंबर-जानेवारीत, नव्याने आलेल्या खोक्यातून काढून दिली तरच. मे महिन्यात फळीवरची तीच बाटली पाचशेलाही घेऊ नये.