आठवडा ढकल

नैरोबीतल्या शेजारणीनं पहिल्याच दिवशी माझ्या हातातला कालथा काढून घेतला. "यानं उगाली होत नाही," म्हणाली आणि स्वतःचा म्विको दिला. म्विको म्हणजे लांब दांड्याचं, चपट्या तोंडाचं लाकडी उलथणं. तिला सगळे थोरल्या मुलाच्या नावानं 'मामा अमुक' म्हणत. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. तशी हाक मारताना मला मात्र कितीतरी दिवस मिशीवाला मामाच आठवायचा.

उगालीत जिन्नस दोनच, पाणी आणि पांढऱ्या मक्याचं पीठ. मीठसुद्धा नाही. आधणात पीठ वैरायचं आणि घोटायचं. आपण उकड झाकण ठेवून वाफेवर सोडतो, इथे खरं काम तेव्हाच सुरू होतं. गोळा म्विकोनं पातेल्याच्या कडेला दाबायचा, उलटायचा, पुन्हा दाबायचा. कडा सुटून भाजक्या कणसाचा वास आला की ताटात पालथी. पहिला आठवडाभर माझं मनगट भरून आलं, गुठळ्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. शेजारीण हसलीसुद्धा नाही, तेच जास्त लागलं.

खायची हातानं. लिंबाएवढा गोळा वळून अंगठ्यानं खळगा करायचा आणि त्यात भाजी उचलायची. भाजी बहुतेकदा सुकुमा विकी: गडद हिरवी पानं, कांदा, टोमॅटो. नावाचा अर्थ 'आठवडा ढकल', कारण स्वस्तातली ही भाजी महिनाअखेर निभावून नेते. दिवस आपणही ढकलतो, पण त्यावरून भाजीचं नाव ठेवायचं आपल्याला सुचलं नाही.

मका आफ्रिकेत आला अमेरिकेतून. त्याआधी हाच गोळा ज्वारी-नाचणीचा असे, आणि ही दोन्ही धान्यं आपल्याकडे आली आफ्रिकेतूनच! उलट चपाती तिकडे गेली आपल्याकडून. १८९६ साली सुरू झालेल्या केनियातून जाणाऱ्या युगांडा रेल्वेच्या कामावर हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते. आज केनियात नाताळाला चपात्या लाटतात, एरवी उगाली. आमच्या आजीकडेही पोळी सणालाच असायची, रोज भाकरी.

आता पुण्यात सुकुमा मिळत नाही, म्हणून मी नवलकोलाचा पाला चिरते. पीठही पिवळंच मिळतं. पण पातेल्याच्या बुडाला धरलेली ती कुरकुरीत खरवड तशीच निघते. तिकडे तिला उकोको म्हणतात. घरात तीन माणसं आणि पातेलं एक, त्यामुळे उगाली ताटात पडायच्या आधीच चमचे पातेल्यात असतात.