महोगनी, शिसं आणि चीज टोस्ट

आजचा शनिवार शिकागोजवळच्या रेल्वे म्युझियममध्ये, जुन्या डायनिंग कारचा, म्हणजे रेल्वेतल्या जेवणाच्या डब्याचा, रंग काढण्यात गेला. जुन्या रंगात शिसं असतं, त्यामुळे कोरडं घासायचं नाही. आधी केमिकल फासायचं, रंग फुगला की पट्टीने अलगद खरवडायचा, तेही मास्क चढवून. खालून महोगनीचं लाकूड दिसलं आणि पाठदुखी विसरले!

पण जीव रमला तो स्वयंपाकघरात. जेमतेम बोळाएवढी जागा! एका अंगाला कोळशाची शेगडी, दुसऱ्या अंगाला बर्फाच्या लाद्या ठेवायची कपाटं. हलत्या गाडीत, त्या धगीत उभं राहून आचारी तीन वेळचं रांधायचे. आचारी-वाढपी बहुतेक कृष्णवर्णीय. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमनने 1868 मध्ये 'डेल्मोनिको' ही डायनिंग कार आणली, त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक. या माणसांची नावं कोण सांगणार? (मला तर पितळी दिव्यांपेक्षा ही शेगडीच आधी दुरुस्त व्हावीशी वाटते. माझं कोण ऐकतंय म्हणा!)

जेवताना सांगितलं, आमची 1930 सालची डेक्कन क्वीन अजून डायनिंग कार घेऊन पुणे-मुंबई धावते. सोबतचे आजोबा चाटच पडले. पहिला प्रश्न, "खायला काय मिळतं?"

चीज टोस्टचं वर्णन करण्यात अर्धी सुट्टी संपली. पुढच्या खेपेला खिडक्यांच्या चौकटी.